छत्रीवाला कोणाचा

साल २०२२. मी सत्तर वर्षांचा होतो आणि गुरुजीशी बोलणं बंद करून मला अकरा वर्षं झाली होती.

गुरुजीच्या कानावर कायम पेन्सिल. समोरचा जरा काही चांगलं बोलला की हा हात वर करी, "थांब गा, लिहून घेऊ दे." माझ्या आजीचं सरण रचताना काका काही पुटपुटला, तेव्हाही हा "थांब गा" म्हणाला. काकानं हातातलं लाकूडच उगारलं होतं.

आम्ही दोघं शाळेत एका टाटपट्टीवर बसलो. तिसरीनंतर मी म्हशींमागे गेलो, तो शिकून मास्तर झाला. सारं गाव त्याला गुरुजी म्हणे, मीही म्हणे, पण अरेतुरेतच. अर्ज लिहायला, कागद वाचून घ्यायला त्याच्याकडेच जाई. माझं अडाणीपण त्यानं चारचौघांत कधी काढलं नाही. म्हणून तर त्यानं लिहिलेली ती कादंबरी जास्त लागली.

कादंबरीत गावाची टिंगल होती. सरपंच, तलावाची कमिटी, आणि एक छत्रीवाला. आमच्याकडे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना पाळीपाळीनं मिळतं. एका वर्षी माझी पाळी दोनदा चोरली गेली. तिसऱ्या वेळी मी छत्री घेऊन तलावाच्या दारापाशी बसलो. माझी पाळी यायच्या आधीच तलाव आटला. तरी मी उठलो नाही. पाळी माझी होती. पाणी नाही म्हणून सोडायची काय? हे त्यानं जसंच्या तसं लिहिलं. सुनेनं दोन पानं वाचून दाखवली आणि तोंडाला पदर लावला.

मी त्याच्या अंगणात गेलो. म्हणालो, "माहं काही लिहायचं नाही. आज तू माह्यावर हसशीन, उद्या गाव माह्या लेकरायवर हसन."

"मी हसलो नाही गा," तो म्हणाला. पुढचं मी ऐकलं नाही.

मग अकरा वर्षांनी भंडाऱ्याच्या एका पोरीनं त्या कादंबरीचा सिनेमा काढला. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्या दिवशी भर दुपारी शाळेच्या हॉलात खिडक्यांना सतरंज्या बांधून पडदा लावला. सुनेच्या माहेरचे सिहोऱ्याहून आलेले. त्यांच्यादेखत आपली फजिती, हे धरूनच मी पहिल्या रांगेत बसलो. मागे बसलो असतो तर लपला म्हणाले असते. गुरुजी दाराजवळ होता, चपला पायातच ठेवून. पळायची वेळ आली तर बरं.

पडद्यावर सरपंचानं आख्खा तलाव चटईसारखा गुंडाळून काखेत मारला. आमची माणसं दंडारीचं नाटक पाहताना बोलतात तशीच पडद्याशी बोलू लागली.

"अरे, पाणी सांडून राहिलं ना."

"कमिटीले विचारलं काय?"

मासोळ्या हवेत पोहू लागल्या तेव्हा एक जण म्हणाला, "डोस्कं फिरलं काय या पोरीचं?"

मग उरलेल्या खड्ड्यात छत्रीवाला दिसला. त्याच्या खांद्यावर धान उगवलं. बाया गाणं म्हणत त्याच्या पाठीवर धानाची रोपं लावत रोवणा करू लागल्या, तरी तो उठेना. कोणी हसलं नाही.

शेजारची म्हातारी कौशीबाई हळूच म्हणाली, "माहा बुढा असाच बसे." तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली.

"नाही जी," सुनेचा बाप म्हणाला, "हा तर माहा मामा. डिट्टो."

पलीकडे दोघं भांडायलाच लागले, छत्रीवाला कोणाचा बाप म्हणून. माझं नाव एकानंही घेतलं नाही.

छातीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. वळून पाहिलं तर गुरुजीनं चपला काढून ठेवल्या होत्या. घरी येईपर्यंत मी आपल्याशीच हसत होतो. मग, खरं सांगतो, थोडा रागही आला. छत्री तर माझी होती.

गुरुजी आता नाही. पण त्या मंडईनंतरचे दोन पावसाळे आम्हाला मिळाले. तेवढ्यात त्यानं सारी कादंबरी मला वाचून दाखवली. बाकी पानांवर आम्ही पोट धरून हसलो. छत्रीवाला आला की त्याचाच आवाज खाली येई.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंटीवरची छत्री काढली, झटकली आणि त्याच्या अंगणात गेलो. तो चहा पीत होता.

"हे पाह्य," मी म्हणालो. "तो कोणाचा मामा नाही, बाप नाही. तो मी होतो."

त्यानं छत्री उघडली, मोडकी काडी बोटानं चाचपली. त्याचा हात कानाकडे गेला आणि मधेच थांबला.

"लिही," मी म्हणालो, आणि त्याचं लिहून होईपर्यंत बाजेवर बसून राहिलो.