रुवैसच्या इमारतीतले कोनाडे

मॅडम पहिल्यांदा आमच्या वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा त्यांनी मी बनवलेल्या मॉडेलवरची झाडं एकेक करून उपटून काढली. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, एका गॅरेजच्या मागे माझं दुकान आहे. आर्किटेक्ट कागदावर जी इमारत काढतात, तिचं हातभर मॉडेल आम्ही अ‍ॅक्रिलिक आणि लाकडात बनवून देतो. गिऱ्हाइकाला हिरवळ आवडते, म्हणून स्पंजची झाडंही चिकटवतो. मॅडम म्हणाल्या, "ही लावणार कोण? पाणी कोण घालणार? जे असणार नाही ते दाखवायचं नाही."

त्या क्रोएशियाच्या आर्किटेक्ट. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक कापलेले केस, पायात कायम साइटवरचे बूट. मला त्या 'मायस्तोर' म्हणायच्या. मला वाटायचं, मास्टर म्हणताहेत आणि उच्चार चुकतोय. पुढे कळलं की त्यांच्याकडे हातात कला असलेल्या माणसाला तसंच म्हणतात, आपण मिस्त्री म्हणतो तसं.

त्यांच्या देशातलं युद्ध संपलं तेव्हा त्या नुकत्याच शिकून बाहेर पडल्या होत्या. पहिली दोन वर्षं फुटलेल्या घरांची छपरं मोजण्यात गेली. मग व्हिएन्ना, हॉलंड, दोहा आणि शेवटी दुबईतलं एक कन्सल्टंट ऑफिस. "इतक्या देशांत घरं काढली," त्या एकदा म्हणाल्या, "राहिले मात्र भाड्याच्याच घरात." मी हसलो. दुबईत अल कुसैसमध्ये माझंही तेच चाललं होतं.

एका वर्षी त्यांना अबूधाबीच्या पार पश्चिमेला, रुवैसचं काम मिळालं. रिफायनरीकडच्या कंत्राटी कामगारांसाठी चार मजली इमारत. मॉडेल तयार झालं तसं त्या बघायला आल्या. टेबललॅम्प हातात धरून, सूर्य फिरावा तसा त्यांनी तो पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवला. पश्चिमेच्या बाजूला त्यांनी रुंद पायऱ्या दिल्या होत्या. "संध्याकाळी लोक इथे बसतील," त्या म्हणाल्या.

मी बोलायला नको होतं, पण बोललो. "मॅडम, तिथे कुणी बसणार नाही. दिवसभर तापलेल्या असतात त्या."

त्यांनी दिवा खाली ठेवला. "तुम्हाला कसं माहीत?"

"मी चार वर्षं तिथे राहिलोय. शटरिंग कारपेंटर होतो, काँक्रीट ओतायचे लाकडी साचे ठोकायचो."

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. त्यांनी स्टूल ओढलं, वही काढली आणि विचारायला लागल्या. कामावरून किती वाजता येता? बूट कुठे काढता? कपडे कुठे वाळतात? आणि मग, "घरी फोन कुठून करता?"

एका खोलीत आम्ही आठ जण होतो. बायकोशी बोलायचं तर सातजण ऐकणार. माझं लग्न नवीन होतं. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राहायचो, आणि तिथेही आधीच कुणीतरी असायचं. मग आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बोलायचं. हे मी मॅडमना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही, नुसतं ऐकलं.

दहा दिवसांनी नवीन ड्रॉइंग आलं. पायऱ्या गेल्या होत्या. उत्तरेला प्रत्येक मजल्यावर लांब, खोल गॅलरी, आणि तिच्या भिंतीत एक माणूस टेकून उभा राहील एवढी खोबण, ओळीने बारा. "याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"कोनाडा. पण आमच्या कोनाड्यात दिवा ठेवतात, माणूस नाही."

त्यांनी ड्रॉइंगवर इंग्रजी अक्षरांत 'कोनाडा' लिहिलं. ऑफिसात सगळे तोच शब्द म्हणायला लागले.

अबूधाबीला मालकांसमोर मॉडेल दाखवायचं होतं. ते बसवायला मीही गेलो. तिथला मोठा साहेब गॅलरीवर बोट ठेवून म्हणाला, "ही कशाला? दर मजल्यावर दोन खोल्या कमी होतात. काढून टाका, खलास."

मॅडमनी समजावलं. तो ऐकेना. तेव्हा त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "हे तिथे राहिलेत. यांना विचारा."

साहेबाने माझ्याकडे बघितलं. त्याच्याच कंपनीच्या आणखी दोन मॉडेल्सचं काम माझ्याकडे होतं. मी म्हणालो, "सर, असली तर चांगलं. नसली तरी माणूस राहतो."

येताना गाडी मॅडम चालवत होत्या. अबूधाबी मागे पडलं. मग त्याच म्हणाल्या, "चूक माझी. मी तुम्हाला तिथे पुढे करायला नको होतं."

मला मान वर करवेना.

त्यांनीच पुढे सांगितलं. तरुणपणी त्यांच्या गावच्या महापौराने विचारलं होतं, समुद्रालगत हॉटेल बसेल ना? तिथे ते बांधू नये हे त्यांना ठाऊक होतं. नोकरी नवीन होती. त्या हो म्हणाल्या. "ते हॉटेल अजून उभं आहे. मी घरी गेले की आई मला फिरायला दुसऱ्या रस्त्याने नेते. बोलत काही नाही." एवढं सांगून त्यांनी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि आम्ही दोघांनी करक, म्हणजे इकडचा कडक दुधाळ चहा घेतला.

शेवटी त्यांनी सौदा केला. इमारतीच्या दर्शनी बाजूला नक्षीदार दगडी जाळी होती. त्यांची सगळ्यात आवडती. मॉडेलवर ती कापायला मला आठवडा लागला होता. जाळी सोडली आणि त्या बदल्यात गॅलरी वाचवली. दर मजल्यावर बारापैकी सहा कोनाडे राहिले. जाळी नाही म्हणून इमारत साधीच दिसते. माझ्या मुलीने नेटवर तिचा फोटो बघितला आणि म्हणाली, "अब्बा, इट्स सो प्लेन." कुठल्याही मासिकात ती छापून आली नाही. काम संपायच्या आतच मॅडम दुसऱ्या ऑफिसात, रियाधला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात मी एका कामासाठी रुवैसला गेलो होतो, तेव्हा ती बघून आलो. गेटवर साताऱ्याकडचा एक माणूस भेटला. मराठी ऐकून मला आत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत घेऊन गेला. संध्याकाळ होत आली होती. एका कोनाड्यात कुणी कांद्याची पिशवी ठेवली होती, दुसऱ्यात ओले मोजे. बाकीच्या चारांत माणसं उभी होती, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात बोलत. एकजण रडत होता, आणि बाजूने जाणारे त्याच्याकडे बघत नव्हते.

"हे बरं केलंय," सातारकर म्हणाला. "पण बसायला कायतरी पायजे होतं. पाय दुखत्यात उभं राहून."

मी मॅडमना हा निरोप जसाच्या तसा व्हॉइस मेसेजवर पाठवला. रडणाऱ्या माणसाचं मात्र सांगितलं नाही. थोड्या वेळाने उत्तर आलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, आपण दोघंही बसायचं विसरलो.

सातारकराने विचारलं, "कोण हो त्या?"

"ज्यांनी ही बिल्डिंग काढली त्या. क्रोएशियाच्या."

"ते कुठं आलं?"

मी हाताने वायव्येकडे दाखवलं. एवढंच मला नक्की माहीत होतं.