झाकलेल्या कमेंट

थोरलीचं काम असं होतं की ते सांगताना कुणाचीही मान खाली जावी. तिची जायची नाही, कारण घरी ती "जाहिरात कंपनीत आहे" एवढंच सांगायची. कंपनी तीन खोल्यांची, खिडकीखाली धडधडणारा जनरेटर. केसांचं तेल, फ्लॅट, शिकवण्या, जे येईल त्याची जाहिरात इंटरनेटवर करायची. कोपऱ्यातल्या टेबलावर थोरली बसायची आणि एका खासगी क्लिनिकच्या जाहिरातींखाली लोक जे लिहितात ते झाकायची.

पुसायची नाही, झाकायची. सगळी मेख त्यातच होती. कमेंट पुसली की लिहिणारा चवताळतो, पुन्हा लिहितो, चार जणांना सांगतो. झाकली की त्याची त्याला दिसत राहते, बाकी कुणाला दिसत नाही. बिचारा समजतो, आपण साऱ्या जगाला ओरडून सांगितलं. नव्या माणसाला ही युक्ती शिकवताना साहेबांना हसू आवरायचं नाही.

क्लिनिक स्टेम सेलची इंजेक्शनं द्यायचं. झिजलेले गुडघे, लकवा, मधुमेह, न बोलणारी मुलं, सगळ्यांना औषध एकच. ते कुठल्या चाचणीत सिद्ध झालंय हे विचारायची सोयच नव्हती, कारण 'पुरावा' हा शब्द यादीत होता. 'फसवणूक', 'ताप', 'वारली', 'पुरावा', यातलं काहीही आलं की संगणक ती कमेंट लाल करून थोरलीपुढे ठेवायचा. पन्नासांचा एक गठ्ठा. जाहिरातीखाली उरायचं ते नुसतं "धन्यवाद डॉक्टर", आणि त्यातलंही निम्मं ऑफिसातच लिहिलेलं.

सुरुवातीला ती वाचायची. एका बाईनं लिहिलं होतं, "जाहिरातीच्या व्हिडिओत 'पाणी' म्हणणारा मुलगा माझा आहे. हा शब्द तो इंजेक्शनच्या आधीपासून म्हणतो." थोरलीनं ते साहेबांना दाखवलं.

"अहो ताई, म्हणतोय ना पाणी?" साहेब म्हणाले. "मग खोटं काय आहे त्यात?"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिनं ऐकलं होतं. ती इतकी गोड बोलत असतील असं वाटलं नव्हतं. शिसारी आली. पण खरी किळस पुढेच आहे. नोकरी सोडायच्या ऐवजी थोरल्या बाईसाहेबांनी वाचणं सोडलं. सगळ्यांवर एकदम खूण, एक बटण, गठ्ठा गायब. अशी चार वर्षं गेली.

एका रविवारी सकाळी धाकटी बहीण लेकीला घेऊन आली. लेक सात वर्षांची, तोंडातून एक शब्द नाही. आल्या आल्या ती खिडकीपाशी बसली आणि पडद्याची दोरी बोटाला गुंडाळू लागली. धाकटी म्हणजे पातेलं घेतानासुद्धा उलटं करून बूड बघणारी बाई.

"ताई, गुरुवारी हिला इंजेक्शन आहे. पाठीच्या कण्यात," ती म्हणाली, आणि तिनं क्लिनिकचं नाव सांगितलं.

थोरलीनं एकदम विचारलं, "कुणी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"भरवतंय कोण? मी काय डोळे मिटून चाललेय? एकूण एक कमेंट वाचलीये मी. एकाही बाईला वाईट अनुभव नाही."

"आहे. खूप जणींना आहे. मी झाकते ते."

धाकटीला आधी कळेचना. थोरलीनं सगळं सांगितलं, चार वर्षांचं, न चुकता, मान खाली घालून. मग स्वतःचा फोन उघडून दिला. झाकलेल्या कमेंट कंपनीच्या खात्यातून फिकट अक्षरांत दिसत. धाकटी एकेक वाचत गेली. कुणाला महिनाभर ताप, कुणाच्या मुलाला फिट, कुणाचा नवरा गेलेला. मग तिचं बोट थांबलं.

"ही माझी आहे."

खातं नवऱ्याच्या नावाचं होतं. खाली लिहिलं होतं, "माझी मुलगी सात वर्षांची आहे, बोलत नाही. कुणाच्या मुलाला खरंच फरक पडला का? काही पुरावा आहे का? कुणाला त्रास झाला असेल तर कृपा करून तेही सांगा." तीन आठवड्यांपूर्वीची तारीख.

थोरलीला ती आठवेना. आठवणार कशी? पन्नासांतली एक.

"मला तर दिसत होती गं," धाकटी म्हणाली. "रोज उघडून बघायचे. वाटायचं, हजारो लोक वाचतायत. कुणाच्या लेकराचं वाईट झालं असतं तर एक तरी आई बोलली असती. कुणीच काही बोललं नाही, म्हणून मी तारीख घेतली."

"नेऊ नकोस तिला," थोरली म्हणाली.

धाकटीनं तिथल्या तिथे क्लिनिकला फोन करून तारीख रद्द केली. मग लेकीच्या बोटाची दोरी हलकेच सोडवून ती तिच्या पायांत चप्पल घालायला बसली. एक चप्पल पलंगाखाली गेली होती. थोरलीनं वाकून ती काढली आणि भाचीचा पाय धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस तिला," धाकटी म्हणाली.