बशीतले काळे डाग
९ ऑगस्ट. लोणच्याची रिकामी बरणी घासताना तळाला काळे ठिपके दिसले आणि मिरजेतली प्रयोगशाळा आठवली. कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या कण्याजवळच्या कोवळ्या पेशी मी काचेच्या बशीत वाढवत होते. हृदय, घाम, आतडी आपल्याला न विचारता चालवणाऱ्या चेतापेशी त्यांच्यापासून तयार व्हायला हव्या होत्या. पीएचडीची मुदत संपत आली होती आणि ही शेवटची बशी होती. एका संध्याकाळी तिच्यात काळे डाग दिसले. "बुरशी हाय ती," औंधचा माझा सहकारी मागून म्हणाला. "ह्याच इन्क्युबेटरमध्ये माझ्याबी बशा हायत. पसरली तर दोघंबी भजी तळत बसू. ओत की, बाई!" मी म्हटलं, "ह्या पेशी कधीकधी कातडीच्या रंगपेशीही होतात." "आन् न्हाई झाल्या तर?" पावसाळी हवा, भिंतींना ओल. बुरशीच असण्याची शक्यता जास्त. तरी मी ओतली नाही, त्याच्या बशांपासून वेगळी काढली. अशाच एका बरणीत बशी ठेवून शेजारी मेणबत्ती लावली आणि झाकण घट्ट बसवलं. ज्योत विझली की आतली हवा पेशींना मानवेल अशी होते. बरणी अंडी उबवायच्या जुन्या पेटीत ठेवली. विश्रामबागच्या खोलीवर गेले, पण जेवण गेलं नाही. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. डाग वाढले नव्हते. ते फांद्या फुटलेल्या पेशींच्या आत शाईसारखे भरले होते; बुरशी नव्हती, रंगपेशीच होत्या. शेजारच्या पेशींमधून मात्र चेतापेशींना फुटतात तसे बारीक धागे निघून एकमेकांपर्यंत पोचले होते. मी बशी उचलली आणि त्याला न विचारता त्याच्या बशांशेजारी परत ठेवली.