जज्जबाई सुधारली

जज्जबाईला आयुष्यात एकही गोष्ट धडपणे पसंत पडली नाही. ही माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. सगळ्यांवर निकाल देते म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं आणि अर्धापूरभर तेच झालं. मी नवी साडी नेसले की मान तिरपी करून बघायची आणि म्हणायची, "काकू, पडदा झकास हाय. खिडकी कुठं हाय?" मला राग यायचा आणि हसूही यायचं. त्या घरात खरं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

तिला बघायला चाकूरहून पाहुणे आले तेव्हा दहावीचा निकालही लागला नव्हता. मुलाची आई बोलत होती आणि मुलगा ताटातली केळी संपवत होता. जज्जबाई म्हणाली, "पावडरीनं पिकवल्यात, लई खाऊ नका. आन् पोराला बोलता येत न्हाई का?" मला वाटलं, सुटली. पण दिरांचं आधीच ठरलं होतं. पोरगी कायद्याच्या वयात बसत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "कायदा पेपरात असतो." यांची अक्कल मात्र कुठेच नसते.

वर्षभरात ती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आईच्या डिंकाच्या लाडवांना तिने जन्मभर नावं ठेवली होती. आता पुढे ठेवला की मुकाट खायची, नाही ठेवला तर उपाशी राहायची. बाळ रडून लालबुंद व्हायचं आणि ही भिंतीकडे तोंड करून डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. 'पाज' म्हटलं की पाजायची, 'ठेव' म्हटलं की ठेवायची.

आणि घरात आनंदीआनंद. "आई झाली की पोरी निवळतात," असं जाऊबाई आल्यागेल्याला सांगत होत्या. बारशाला विहीणबाई आल्या, त्यांनी तर नातवाआधी सुनेचीच दृष्ट काढली. "आता खरी सून झाली बघा." एवढी बिनडोक माणसं एका सतरंजीवर बसलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

एका दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. ती म्हणाली, "काकू, मी मेले तर लेकराला तुमी उचलाल ना? आईला कंबरदुखी हाय." आज भाजी कुठली, असं विचारावं तशा आवाजात. दुसऱ्या दिवशी मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर मनाला होणारा हा आजार आहे, एवढ्या कोवळ्या वयात तर फार जपायला हवं. गोळ्या बंद करू नका, एकटं सोडू नका.

गोळ्यांनी हळूहळू गुण आला. एका सकाळी बाळाला मांडीवर घेऊन म्हणाली, "नाक बापावर गेलंय. बिचारं." मग आईकडे वळून म्हणाली, "आन् ह्या लाडवानं खिळा ठोकता येईल." मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. "गोळ्यांनी पोर बिघडली. पुन्हा तोंड सुटलं." दिरांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या आणि विहीणबाईंना फोन केला की घेऊन जा. मी भांडले, तर त्यांच्या लेकीचं त्यांना कळतं असं मला ऐकवण्यात आलं. त्यांना काय कळत होतं ते दिसतच होतं. जज्जबाई जीपमध्ये बसताना म्हणाली, "काकू, ह्या खटाऱ्यापरीस चालत गेलेलं बरं." तशाही स्थितीत मला हसू आलं.

सुरुवातीला फोन केला की चाकूरच्या पाण्यापासून नवऱ्याच्या घोरण्यापर्यंत सगळ्याचा निकाल लागायचा. मग तक्रारी कमी झाल्या. मग एक दिवस म्हणाली, "सगळं बरं हाय." सासू? बरी हाय. जेवण? बरं हाय. मी सरळ चाकूरची गाडी धरली.

विहीणबाई दारातच कौतुक सांगू लागल्या. "तोंडातून शबुद निघत न्हाई. लई गुणाची." मी त्यांना बाजूला सारून आत गेले, बाळ कडेवर घेतलं आणि तिला म्हटलं, "चल." माझा अवतार बघून कुणी आडवं आलं नाही. तिने पायात चपला सरकवल्या आणि मागोमाग आली. मी एसटीत नांदेडची तिकिटं काढली, तिला खिडकीशी बसवलं. कुठे चाललोय, एवढंही तिने विचारलं नाही.