मीटर अडतीस हजारांचं, इंजिन चोवीस हजारांचं

"मीटर आत्ताच मागे घे. चार वाजता गिऱ्हाईक येतंय," शेठ म्हणाले आणि ड्रिल मशीन माझ्या बाकावर ठेवून गेले.

खोपोलीत जुन्या मोटरसायकली विकणाऱ्या दुकानात मी फिटर होतो. गिऱ्हाइकाशी बोलणंही माझ्याकडेच. समोर लाल रंगाची, दोन सायलेन्सरची स्पोर्ट मोटरसायकल उभी होती. मालक वैद्य, घर खोपोलीत, रोज घाट चढून खंडाळ्याच्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून जाणारे. बदली झाली म्हणून गाडी आमच्याकडे विकायला ठेवलेली. मीटरवर ३८,४१२ किलोमीटर. मीटर मागे घेणं म्हणजे त्याची केबल सोडून ड्रिलला जोडायची आणि उलटी फिरवायची. थोड्या वेळात गाडी दोन वर्षांनी तरुण.

"शेठ, हे मी करत नाही."

"मग सोमवारपासून येऊ नकोस. अडतीस हजार बघून कोण थांबणार इथं? महिनाभर जागा अडवून बसलीय ती."

घरी आम्ही पाच माणसं आणि मिळवणारा मी एकटा. तरीही ड्रिल बाजूला सरकवलं आणि माझं नेहमीचं काम सुरू केलं. विकायच्या गाडीत काय काय खराब आहे ते पुठ्ठ्यावर लिहून मी हँडलला टांगत असे. पुढचा ऑइल सील गळतो. बॅटरी मेली. डावा सायलेन्सर गंजून भोक पडलंय. पुढचे-मागचे ब्रेक शू संपले.

ही शेवटची ओळ लिहिताना मी थांबलो. ब्रेक शू म्हणजे चाक आतून दाबून धरणारे गुटके. ते पार लोखंडाला लागले होते. पण किक मारताना इंजिन पायाला नव्यासारखं अडत होतं, म्हणजे आतला दाब शाबूत. एकाच गाडीची दोन वयं कशी?

तेवढ्यात वैद्य आर.सी. बुक द्यायला आले. मी विचारलं, "साहेब, तुम्ही घाट कसा उतरता?"

"इंजिन बंद करून! न्यूट्रलमध्ये टाकायची, चावी काढायची. पेट्रोलचा थेंब लागत नाही. शेवटचे दोन किलोमीटर सपाट, तिथं किक मारतो."

घाटात इंजिन बंद म्हणजे जीव नुसत्या ब्रेकवर. पण दुसरीकडे डोक्यात आकडे धावायला लागले होते. मीटर चाकावर चालतं, त्याला इंजिन बंद असल्याचं काय कळणार? उतार बारा किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, आर.सी. बुकाप्रमाणे चार वर्षं. चौदा हजार चारशे. मी ओरडलोच, "शेठ, इंजिन चोवीस हजारांचं आहे!"

"आणि मीटर अडतीस बोलतंय. गिऱ्हाईक कुणाचं ऐकेल?"

चारला नामदेव आला. घर कर्जतजवळ, भातशेतीचं. नोकरी साजगावच्या कारखान्यात. त्याने आधी पुठ्ठा वाचला, मग मीटर.

"अडतीस हजार! आन् ही यादी तर वाण्याची दिसते. भाऊ, गाडी विकायची हाय का नाय?"

मी घाटाचा सगळा हिशोब सांगितला. तो हसला. "गोष्ट झ्याक हाय. पन आमी बैल घेताना मालकाचं ऐकत नाय, दात बघतो."

"मग दातच दाखवतो," म्हणून मी पाना उचलला.

शेठनी माझा हात धरला. "अरे, झिजलेलं निघालं तर?"

तर सोमवार गेलाच. खात्री मलाही नव्हती. चढावर इंजिन तापतं, झीज जास्त होते, आणि ती माझ्या गुणाकारात नव्हती. हेही मी नामदेवला सांगून टाकलं. शेठनी कपाळाला हात लावला.

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं, पिस्टन पुसला. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट पत्तीने बघतात. पत्ती म्हणजे ठरावीक जाडीची पोलादी पट्टी; नंबर जितका मोठा तितकी जाड. या इंजिनात पंधरा नंबरची आत गेली, तर इंजिन बाद.

"आना इकडं, मीच घालतो," नामदेव म्हणाला.

पंधराची गेली नाही. त्याने जोर केला, तरी नाही. बाराची नाही. दहाची टोकाशीच अडकली.

"आरं, तरना हाय रं ह्यो!" नामदेवने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पाना खाली पडला. वैद्य तर चक्क टाळ्या वाजवायला लागले. "ब्रेक मातर म्हातारे," नामदेव म्हणाला. "ते नवे घालून द्या, मंग गाडी माजी."

ब्रेक शू त्याच संध्याकाळी बदलले. सोमवारी मी कामावर गेलो. ड्रिल खुंटीवर टांगलेलं होतं.

त्या दिवसापासून शेठ प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "गाडी घाटातून इंजिन बंद करून उतरलेली आहे बरं का!" एकदा कर्जतच्या बाजारात फिरलेल्या स्कूटरबद्दलही सांगितलं. त्या रस्त्यावर घाट कुठला? मी पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवली: मीटर खरं आहे, शेठचं ऐकू नये.