मातीच्या बैलाची चाल

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मला चित्रपट काढायची हुक्की आली. पाथर्डीच्या शाळेत मी चित्रकलेचा मास्तर. म्हणजे गणिताचे गुरुजी रजेवर गेले की त्यांच्या वर्गावर बसवायचा माणूस. मुंबईच्या मेहुण्यानं आपला छोटा सिनेमाचा कॅमेरा महिनाभरासाठी दिला, सोबत एकच रीळ. कळ दाबली की एकच चित्र टिपायची सोय त्यात होती. झालं! माझ्या डोक्यात मातीचा बैल चालायला लागला.

खरं कारण वेगळंच होतं. आदल्या उन्हाळ्यात चारा संपला आणि वडिलांनी राहिलेला एकुलता बैल बाजारात विकला. तेव्हापासून त्यांनी बैलाचा विषय काढला नव्हता. रोज सकाळी मोकळा गोठा झाडायचे आणि गप्प बसायचे. मला ते बघवत नव्हतं. मातीचा का होईना, चालता बैल दाखवला तर म्हातारा काहीतरी बोलेल, अशी माझी आशा. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

तारेचा सांगाडा केला, त्यावर करडईचं तेल घालून मळलेली शाडूची माती थापली. तेलामुळं माती लवकर वाळत नाही, पाय हवा तसा वाकतो.

"भाजीला थेंब न्हाई आन बैलाला मालिश!" बायको म्हणाली.

गोष्ट साधी. बैल टेबलावरून चालत जातो आणि टेबलाच्या टोकाला लावलेल्या घंगाळात पाणी पितो. पाय केसभर सरकवायचा, कळ दाबायची, परत सरकवायचा. सोळा वेळा केलं की पडद्यावर एक सेकंद. शाळा सुटल्यावर खिडकीत उजेड असेतो जेवढं होईल तेवढं. कुणी नुसतं झाडू घेऊन आलं तरी टेबल हलायचं आणि मी खेकसायचो.

"अवो, घरात चालायचं बी न्हाई व्हय आता?" बायको विचारायची. वडील दारातून बघायचे आणि निघून जायचे.

पोळ्याला मी बाहेरून घरी आलो तर बैलाच्या कपाळावर हळदीकुंकू, पुढ्यात पुरणपोळी! मी किंचाळलोच.

"अगं, अजून वाटेतच आहे तो! आत्तापर्यंत त्याचं कपाळ कोरं होतं!"

"सनाला घरात बैल येवढाच हाय," बायको म्हणाली. "मंग पुजू कुनाला, तुमाला?"

फडकं ओलं करून मी कुंकू पुसायला गेलो, तोच मागून वडिलांचा आवाज आला. "हात लावू नगं. पुजलेला हाय. उद्या पान्यात सोडायचा."

आमच्याकडची रीतच ती. पोळ्याला पुजलेला मातीचा बैल दुसऱ्या दिवशी पाण्यात सोडतात. आणि परवा मेहुणा कॅमेरा न्यायला येणार! नवा बैल करायला ना वेळ, ना रीळ. मी अगदी रडकुंडीला आलो.

"सोडा," मी म्हणालो, "पण घंगाळापर्यंत चालू तरी द्या त्याला."

वडिलांनी घंगाळाकडे बघितलं. "मंग घंगाळातच सोडू."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वडील शेजारी येऊन बसले. मी पाय सरकवला मात्र, ते कडाडले, "आरं, बैल हाय का कुत्रं? आदी मागचा टाक, मंग त्याच बाजूचा म्होरचा. मास्तर झालास आन येवढं ठावं न्हाई?"

त्यांनी बैल स्वतःकडेच घेतला. ते पाय सरकवायचे, मी कळ दाबायचो. "हात काढा," म्हटलं की काढायचे, पण बैलाच्या पाठीवरून फिरवूनच. संध्याकाळी बैल पाण्यात उतरवताना मात्र हात काढताच येईना. शेवटच्या चित्रांत तोही आला.

दिवाळीच्या सुट्टीत मेहुणा धुतलेलं रीळ आणि पडद्यावर दाखवायचं यंत्र घेऊन आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या टांगून भर दुपारी खेळ केला. निम्मं गाव लोटलं.

पहिल्यांदा बैल कुत्र्यासारखा आला. मग एकाएकी कपाळावर काळा डाग. रीळ रंगीत नव्हतं, कुंकू काळंच उमटलं.

"आरं, ह्याला मदीच कुनी हानलं?" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण डाग आला तशी चालही बदलली. मान हलवत, रुबाबात बैल चालला. "आता कसा!" एक शेतकरी बोलला. बैल पाण्यात गेला, टाळ्या पडल्या.

वडील गप्पच. आटपलं, मी मनाशी म्हटलं. महिनाभराची तडफड फुकट गेली.

लोकांना आणखी गंमत दाखवावी म्हणून मेहुण्यानं यंत्र उलटं फिरवलं. हाताबरोबर बैल पाण्यातून वर आला आणि मागंमागं चालायला लागला. लोक हसून लोळायला लागले. मीही हसलो.

"हसू नगा," वडील म्हणाले.

पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

"बाजारात न्हेताना त्यो असाच मागं सरत हुता. म्या वडत हुतो."