भिंतीला चिकटलेलं गुपित

प्रयोगशाळेत तिला सगळे डिंकताई म्हणायचे. पाण्यात बुडालेली फरशीसुद्धा घट्ट धरून ठेवील असा डिंक बाईनं वर्षानुवर्षं खपून तयार केला होता. हात सोन्याचे, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. शेजारणीला डिंकाची कृती तेवढी सांगायची राहिली होती, तीही शेजारीण कंटाळून घरात पळायची म्हणून.

त्या दिवशी संस्थेत बाहेरचे शास्त्रज्ञ जमायचे होते. डिंकताईनं सकाळीच सभागृहाबाहेरच्या भिंतीवर भलामोठा प्लास्टिकचा तक्ता लावला. कशात काय घालायचं, किती आच द्यायची, सगळं त्यावर. कौतुकाची हौस कुणाला नसते?

तिची नणंद तिथेच पेटंटचं काम बघायची. तक्ता पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"अहो वहिनी, आपला अर्ज उद्या जायचाय ना?"

"जाऊ दे की वन्सं, मी कुठे अडवलाय? डिंक माझाच, सगळ्यांना ठाऊक आहे."

"आपली माणसं गुप्ततेला बांधलेली आहेत, आज येणारी नाहीत. बाहेरच्यानं एकदा वाचलं की ते शिळं झालं. नवं नाही त्याला पेटंट नाही! मग कुणीही बनवावं, कुणीही विकावं, तुम्ही बसा टाळ्या ऐकत. आधी अर्ज, मग गाजावाजा. काढा तो तक्ता!"

डिंकताईचा चेहरा खर्रकन उतरला. "निघायचा नाही."

"का?"

"आपल्याच डिंकानं लावलाय."

वन्संनी पाणी मारलं, पट्टी खुपसली, लोंबकळून पाहिलं. तक्ता ढिम्म! जिन्यावर पावलं वाजायला लागली.

"आहे का आणखी डिंक?" वन्सं ओरडल्या.

डिंकताई धावली. दोघींनी पाठकोरे कागद चिकटवून तक्ता कडेपर्यंत झाकला. शेवटचा कोपरा दाबला आणि पाहुणे वर आले. त्यांतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं कोपऱ्याला नख लावून पाहिलं.

"काय पकड आहे हो! कशानं लावलंय?"

डिंकताईच्या ओठांवर अख्खी कृती आली. वन्संनी चिमटा काढला.

"परवा सांगते," डिंकताई म्हणाली. आयुष्यात एवढं थोडक्यात ती कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल झाला. त्यानंतर डिंकताईनं त्या म्हाताऱ्याला फोन लावून कृती सांगायला घेतली, तो बिचारा जेवायचा राहिला.